मोठे कार्यक्रम नेमके फसतात कुठे? (नाशिक २०२७ च्या निमित्ताने)

गोदाकाठ

पुढच्या वर्षी २ ऑगस्टला कुंभमेळ्याचं पहिलं अमृतस्नान (पूर्वीचं शाही स्नान). आमच्या पंचवटीत सध्या दोनच विषय चालतात, खोदलेले रस्ते आणि तपोवनातली झाडं. (झाडांचा वाद मोठा आहे, त्याला स्वतंत्र धागा हवा. इथे नको.) मला तिसरंच बोलायचंय.

२७ ऑगस्ट २००३, शाही स्नानाचा दिवस. रामकुंडाकडे उतरणाऱ्या सरदार चौकाच्या भागात मिरवणुकीसाठी भाविकांना कठड्यांमागे अडवून धरलं होतं. तिथल्या चेंगराचेंगरीत ३९ जण गेले. आजही गावात कुणालाही विचारा, "साधूंनी चांदीची नाणी उधळली, लोक धावले, म्हणून झालं" असंच सांगतील. नाणी उधळल्याचं तेव्हा छापूनही आलं होतं. पण उतारावरच्या अरुंद रस्त्यात माणसं तासन्‌तास अडवून ठेवायची आणि मागून येणारा लोंढा मात्र थांबवायचा नाही, असं केल्यावर नाण्यांची गरज उरत नाही. कुणाची चप्पल निसटली तरी पुरे.

त्यानंतरची यादी सगळ्यांना तोंडपाठ आहे. मांढरदेवी २००५, हाथरस २०२४, प्रयागराजची मौनी अमावस्या २०२५, त्याच वर्षी जूनमध्ये बंगळुरूचं चिन्नास्वामी स्टेडियम, सप्टेंबरमध्ये तमिळनाडूतल्या करूरची सभा. प्रत्येक वेळी चौकशी नेमली जाते, कुणीतरी निलंबित होतं, मदत जाहीर होते. माझा साधा प्रश्न आहे. मंचाचा आराखडा असतो, बंदोबस्ताचा असतो, पाहुण्यांच्या गाड्यांचाही असतो. घरातून निघालेला माणूस परत घरी पोचेपर्यंत कुठे थांबेल, कुठे बसेल, कुठे पाणी पिईल आणि कुठून बाहेर पडेल याचा आराखडा नक्की कुणाच्या टेबलावर असतो?

स्पष्टवक्ता७१

कुणाच्याच नाही, कारण तो करून उपयोग नाही. आपल्या लोकांना शिस्त नाही हे एकदा मान्य करा. विमान उतरलं की दार उघडायच्या आत उभे राहणारे लोक आपण. बसमध्ये शेवटचा थांबा असला तरी ढकलाढकली. लंडनहून तज्ज्ञ आणलेत तरी तेच होणार.

मांडववाला

मी मंडपाच्या धंद्यात आहे. वडिलांपासूनचा धंदा. आधी बल्ल्या आणि कनाती होत्या, आता ट्रस आणि जर्मन हँगर आले. गोदाकाठ यांच्या प्रश्नाला आतून उत्तर देतो.

तारीख पाहुण्यांच्या सोयीने ठरते. मैदान जे रिकामं असेल ते मिळतं. मग आम्हाला बोलावणं येतं, बहुतेक वेळा उशिराच. पहिला प्रश्न, स्टेज किती बाय किती. दुसरा, एलईडी स्क्रीन किती. तिसरा, सोफे पांढरे की लाल. बाहेर पडायचे रस्ते कुठे ठेवायचे हे मला आजवर एकाही आयोजकाने आपणहून विचारलेलं नाही. अग्निशमन दलाच्या माणसाने विचारलंय, तेही कागदावर सही करायच्या वेळी.

एक प्रकार सांगतो, गावाचं आणि पक्षाचं नाव सांगत नाही. मोठी सभा. परवानगीच्या नकाशात चारी बाजूंना दरवाजे. आदल्या रात्री एक बाजू बंद झाली, का तर तिथे पाहुण्यांच्या गाड्या लावायच्या ठरल्या. दुसरी बाजू पहाटे बंद झाली. कॅमेऱ्यात मागे मोकळा रस्ता दिसतो, गर्दी कमी वाटते, म्हणून तिथे भलं मोठं बॅनर बांधायला लावलं. मी म्हटलं, साहेब, निघताना लोक कुठून जाणार? उत्तर मिळालं, "आले तसे जातील." इथेच सगळं आहे. येणारा माणूस चार तासांत थोडा थोडा येतो. जाणारा मात्र राष्ट्रगीत संपलं की एकदम उठतो. येताना पुरलेलं फाटक जाताना पुरत नाही. नशीब, त्या दिवशी काही झालं नाही. काही झालं नाही म्हणून पुढच्या सभेलाही तेच केलं.

आणि स्टेजसमोरचा तो "डी". सुरक्षेसाठी मोकळा ठेवतात ते ठीक. पण त्यामागे सोफे, त्यामागे पासवाले, त्यामागे पत्रकार, प्रत्येकाला वेगळी लोखंडी जाळी. सामान्य माणूस जिथे बसतो तिथवर पोचेपर्यंत मैदानाचे इतके खोके झालेले असतात की एका खोक्यातला माणूस चक्कर येऊन पडला तर त्याला बाहेर काढायला जाळी उचलावी लागते.

सरळहिशोब

मांडववाला, लाखमोलाचा प्रतिसाद. त्यात थोडं गणित घालतो.

ब्रिटनमध्ये क्रीडांगणांसाठी सुरक्षेची मार्गदर्शिका आहे. तिथे ग्रीन गाइड म्हणतात. त्यातला हिशोब असा, सपाट जागेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला फार तर ८२ माणसं सुरळीत जाऊ शकतात, जिन्यावरून ६६. म्हणजे तीन मीटरचं फाटक मिनिटाला जेमतेम २४६ माणसं सोडतं. एक लाख लोक अशा एकाच फाटकातून काढायचे तर पावणेसात तास. दहा फाटकं असली तर चाळीसेक मिनिटं, तीही सगळी उघडी असतील आणि बाहेर रस्ता मोकळा असेल तरच. हा गुणाकार आठवीतला मुलगा करेल. प्रवेशाच्या वेळी तर प्रत्येकाची झडती असते. एकाला दहा सेकंद धरा, एका रांगेतून तासाला ३६० माणसं.

दुसरा आकडा दाटीचा. एका चौरस मीटरमध्ये चार माणसांपर्यंत आपण आपल्या पायांनी चालतो. सहा-सातच्या पुढे आपण चालत नाही, गर्दी नेईल तिकडे जातो. मागच्या रेट्याची लाट पुढे येते आणि सगळे एकदम हलतात. अशा ठिकाणी बहुतेक माणसं पायाखाली तुडवली जाऊन मरत नाहीत. उभ्या उभ्या छाती दाबली जाऊन श्वास कोंडतो. २९ ऑक्टोबर २०२२ ला सोलमध्ये इतेवॉनच्या सव्वातीन मीटर रुंद उताराच्या गल्लीत १५९ जण गेले, ते बहुतेक असेच.

स्पष्टवक्ता७१

गणित छान. पण तुमचं फाटक मोजणारा इंग्रज रांगेत उभा राहतो. आपला माणूस फाटकावरून उडी मारतो.

ऱ्हाइनकाठी

स्पष्टवक्ता, मी ड्युसबुर्गपासून अर्ध्या तासावर राहते. जर्मन माणसाइतकी शिस्त तुम्हाला कुठे मिळणार? रिकाम्या रस्त्यावरही लाल दिव्याला उभे राहतात. २४ जुलै २०१० ला याच शहरात लव्ह परेड नावाचा संगीतमहोत्सव झाला आणि २१ तरुण मुलं-मुली मेली.

जागा होती रेल्वेचं जुनं मालधक्क्याचं आवार. आत जायला आणि बाहेर यायला एकच वाट, दोन्हीकडून येणारा एक बोगदा आणि त्याच्या मध्यातून वर चढणारा उतार. येणारे आणि जाणारे तिथेच समोरासमोर. त्या वेळी वरचं मैदान काही भरलेलं नव्हतं! वर ऐसपैस जागा होती आणि खाली श्वास घ्यायला जागा नव्हती. आदल्या वर्षी शेजारच्या बोखुमने "आमच्या शहराला हे झेपणार नाही" म्हणून सरळ नकार दिला होता. तेव्हा बोखुमवर भरपूर टीका झाली. ड्युसबुर्गने मान राखायला होकार दिला. पुढे खटला उभा राहायला सात वर्षं गेली आणि २०२० मध्ये तो निकालाविना बंद झाला.

बोगद्यात अडकलेल्या माणसाला शिस्त असून काय करायचंय? त्याला पुढे काय चाललंय ते दिसतच नाही.

डॉ_कळव्याचा

चर्चा चेंगराचेंगरीवरच चालली आहे, म्हणून खारघरची आठवण करून देतो. १६ एप्रिल २०२३, महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा. तिथले श्रीसदस्य (आप्पासाहेब धर्माधिकारींचे अनुयायी) किती शिस्तीचे असतात हे ज्याने त्यांची स्वच्छता मोहीम पाहिली आहे तो सांगेल. ढकलाढकली करणारी ही मंडळी नव्हेत. बसा म्हटलं की बसतात. त्या दिवशीही बसले. उघड्या मैदानात, डोक्यावर काही नाही, तापमान ३८ च्या घरात. मंचावर मात्र छप्पर होतं. १४ जण दगावले.

नुसतं ३८ म्हटलं की विदर्भातले लोक हसतात, "आमच्याकडे ४५ असतं." पण खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. त्यात अनेक जण आदल्या रात्रीच येऊन थांबलेले. बहुतेक मृतांच्या पोटात कित्येक तास अन्न नव्हतं, असं शवविच्छेदनाच्या बातम्यांमध्ये आलं होतं. म्हणजे सोहळा साडेदहाला सुरू झाला असेल, पण शरीराचा सोहळा आदल्या रात्रीपासूनच सुरू होता. आयोजकाच्या कागदावर अडीच तास असतात, खेड्यातून बसने आलेल्या बाईसाठी ते अठरा-वीस तास होतात. हा फरक नियोजनात कुठेच पकडला जात नाही.

आणि उष्माघात झाल्यावर वेळ फार कमी असतो. अंगाचं तापमान चाळिशीच्या वर गेलं की तापाची गोळी काम करत नाही. माणसाला जागच्या जागी थंड करावं लागतं. पाणी ओता, बर्फ लावा, वारा घाला, मग रुग्णवाहिका. लाखोंच्या मधोमध बसलेल्या माणसाजवळ बर्फ घेऊन पोचणार कोण? मांडववाल्यांचे ते खोके इथे जीव घेतात.

घटनेनंतर सरकारने उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम नकोत असं जाहीर केलं. ठीक. पण एप्रिलमध्ये कोकणात ऊन असतं हे कळायला समितीची गरज का पडावी?

न्यूजर्सीचा_नाना

आमच्याकडे गणपतीला शाळेचं सभागृह भाड्याने घेतो. दारावर पाटी असते, इतक्याच माणसांना परवानगी. एका वर्षी आरतीच्या वेळी फायर मार्शल आला, डोकी मोजली आणि म्हणाला, जादा माणसं बाहेर काढा, नाहीतर दिवे घालवतो. आमच्या अध्यक्षांनी त्याला मोदक देऊन पाहिला. मोदक घेतला आणि पुन्हा मोजायला लागला.

पण अमेरिकेचं फार कौतुक नको. ५ नोव्हेंबर २०२१ ला ह्यूस्टनमध्ये ॲस्ट्रोवर्ल्ड या संगीतमहोत्सवात १० जण गेले. तिकीट काढून आलेले लोक, कुंपण, खासगी सुरक्षा, सगळं होतं. मोठी दुर्घटना झाल्याचं यंत्रणांनी जाहीर केल्यावरही अर्ध्या तासाहून अधिक वेळ गाणं चालूच होतं. खाली माणसं मरताहेत हे ज्याला दिसत होतं त्याच्या हातात बटण नव्हतं आणि ज्याच्या हातात बटण होतं त्याला दिसत नव्हतं.

कांदेपोहे

बहामातला फायर फेस्टिव्हल कुणी आणला नाही अजून? २०१७, आलिशान बंगल्यांची जाहिरात, हातात आले तंबू आणि ब्रेडवर चीजचा तुकडा. :)

सरळहिशोब

तो नियोजनाचा प्रश्न नव्हता, फसवणुकीचा होता. मालक तुरुंगात गेला. इथे ज्यांचे हेतू बरे होते त्यांच्याबद्दल बोलतोय.

इंद्रायणी

स्पष्टवक्ता यांच्या "आपल्या लोकांना शिस्त नाही" ला एकच उत्तर आहे आणि ते दरवर्षी आमच्या दारावरून जातं.

माउलींच्या पालखीत रथापुढे सत्तावीस दिंड्या, मागे त्याहून कितीतरी जास्त, प्रत्येकीला क्रमांक. माझा क्रमांक ठरलेला, माझ्या पुढचा-मागचा ठरलेला. पाण्याचा टँकर आणि सामानाचा ट्रक दिंडीचा स्वतःचा, तो पहाटेच पुढे जाऊन तळावर जागा धरतो. म्हणजे पायी चालणाऱ्याला मुक्कामाची चिंता नाही. संध्याकाळी तळावर समाजआरतीच्या आधी चोपदार दंड वर करतात आणि एवढा समुदाय गप्प होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो. मग हरवलं-सापडलं पुकारतात. तक्रार त्याच दिवशी, त्याच तळावर मिटते. हैबतबाबांनी घालून दिलेली ही पद्धत आहे, इव्हेंट कंपनी नव्हती तेव्हाची.

बघा ना, हीच माणसं. बहुतेक शेतकरी. यातलीच काही माणसं उद्या एखाद्या मेळाव्याला ट्रकमधून नेली की "बेशिस्त जमाव" होतात.

स्पष्टवक्ता७१

वारीचं उदाहरण येणार हे माहीतच होतं. वारीतही आळंदीत २०२३ ला पोलिसांशी झटापट झाली होती, विसरलात का? आणि उघड्यावरच्या घाणीबद्दल काय? फिरती शौचालयं अगदी अलीकडे आली.

इंद्रायणी

विसरले नाही. झटापट कुठे झाली ते बघा. प्रस्थानाला, देवळाच्या दाराशी, कुणाला किती जण आत सोडायचे यावरून. पुढे वाटेवर दिंडी आपल्या क्रमांकाने चालते तिथे हा वाद उद्भवत नाही. शौचालयांचं मात्र मान्य. निर्मलवारी सुरू झाली म्हणून गावं श्वास घेऊ लागली. त्याआधी पालखी गेल्यावर आठवडाभर गावाला वास यायचा, त्याचे अभंग कुणी केले नाहीत.

गिरगावकर_चाळ४

मुंबईतून एक जोड. गेल्या वर्षी लालबागच्या राजासाठी नवा स्वयंचलित तराफा आला. चौपाटीवर मूर्ती पोचली तेव्हा भरती. गाडा पाण्यात, तराफा हलतोय, मूर्ती चढेना. भरती उतरायची वाट बघत बसले आणि विसर्जन झालं ते ७ सप्टेंबरच्या रात्री. पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणारी कोळी मंडळी काठावर उभी होती, त्यांना भरतीची वेळ घड्याळ न बघता सांगता येते. जीवितहानी नाही, त्यामुळे या यादीत बसत नाही. पण नवं यंत्र पहिल्यांदा वापरायचं ते थेट मोठ्या दिवशीच, हा आपला आवडता खेळ आहे.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. धागा मी वाट पाहत होतो त्या जागी आला.

२०१५ चा कुंभ कुणी आठवतंय का? २००३ ची भीती एवढी होती की पहिल्या पर्वणीला, २९ ऑगस्टला, पोलिसांनी शहर आवळून टाकलं. मैलोन्‌मैल बॅरिकेड. बाहेरगावच्या गाड्या शहराबाहेर, तिथून पुढे पायपीट. आमच्या गल्लीतल्या लोकांना दूध आणायला जाता येईना. भाविकही अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी आले आणि व्यापाऱ्यांनी बोंब मारली. पुढच्या पर्वणीला बंदोबस्त सैल केला आणि तीही नीट पार पडली. चेंगराचेंगरीत माणूस एकही दगावला नाही, याचं श्रेय द्यायलाच हवं. शाही मार्गही बदलला होता, परतीची वाट वेगळी काढली होती. हे २००३ मधून शिकलेलं.

तरी मला तो पहिला दिवस यश वाटत नाही. लोकांना येऊच दिलं नाही तर चेंगराचेंगरी होणार कशी? म्हातारीकोतारी माणसं आडगावच्या बाजूने पायी येताना बघितली आहेत मी. बॅरिकेडपाशी पोलीस सांगणार पुढच्या चौकातून जा, पुढच्या चौकातला सांगणार मागच्या. त्या शिपायाचाही दोष नाही, तो परजिल्ह्यातून आलेला, त्याला रामकुंड कुठल्या दिशेला आहे हेच कुणी सांगितलेलं नव्हतं.

आणि त्र्यंबकचं कुशावर्त कुंड तर किती लहान, तिथे गेलेल्यांना माहीत आहे. प्रयागला नदीचा काठ मैलभर पसरलाय, तरी मौनी अमावस्येला सगळे संगमाच्याच टोकाला जमले आणि पहाटेच्या अंधारात सरकारी आकड्यानुसार किमान ३० जण गेले. आपल्याकडे पसरायला काठच नाही.

मांडववाला

शिपायाचं अगदी खरं. बंदोबस्ताला आलेल्या मुलांना आम्हीच विचारतो, जेवलात का? बारा-चौदा तास उभी असतात, पाण्याची बाटली कुणी देत नाही. त्यांनी लोकांशी नीट बोलावं ही अपेक्षा.

ऱ्हाइनकाठी

बंगळुरूबद्दल कुणी नीट लिहिलं नाही. ३ जूनच्या रात्री आरसीबीने आयपीएलचा अंतिम सामना जिंकला, ४ जूनला सत्कार. सुमारे पस्तीस हजारांचं स्टेडियम आणि मोफत प्रवेशाच्या पाससंबंधीच्या पोस्ट समाजमाध्यमांवर. लाखो लोक आले, फाटकांशीच ११ जण गेले. आदल्या वर्षी मरीन ड्राइव्हला विश्वचषकाच्या मिरवणुकीला तेवढीच खच्चून गर्दी होती, तिथे समुद्राच्या बाजूने का होईना मोकळी हवा होती. मला तरी तो निव्वळ दैवयोग वाटला.

सरळहिशोब

गोदाकाठ, कुंभमेळा प्राधिकरणाकडे विचारायचे प्रश्न काढूया का? मी सुरुवात करतो. रामकुंडाच्या प्रत्येक वाटेची सर्वांत अरुंद जागा किती मीटरची आहे? तिथून तासाला किती माणसं सोडणार? तो आकडा ओलांडला तर मागचा लोंढा कुठल्या चौकात थांबवणार, आणि त्या चौकात सावली, पाणी, शौचालय आहे का?

डॉ_कळव्याचा

त्यात घाला, गर्दीच्या मध्यातून रुग्ण बाहेर काढायची वाट राखीव आहे का, की ती पाहुण्यांच्या ताफ्यासाठी आहे?

इंद्रायणी

आणि हरवलेल्यांसाठी भाषा. ओडिशातून आलेल्या आजीला मराठी घोषणा कळत नाही.

न्यूजर्सीचा_नाना

माझा एकच. थांबवायचा अधिकार कुणाला? करूरला नेता कित्येक तास उशिरा आला, लोक सकाळपासून उभे. त्या वेळी "आता सभा रद्द, घरी जा" म्हणायची ताकद मैदानावरच्या कुठल्या अधिकाऱ्यात होती? नाव आणि हुद्दा लिहून मागा.

गोदाकाठ

सगळे उतरवून घेतले. नानांचा प्रश्न सगळ्यात अवघड, त्याचं उत्तर लेखी कुणी देईल असं वाटत नाही.

स्पष्टवक्ता७१

माहिती अधिकारात टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, तीस दिवसांची मुदत. मसुदा मी करून देतो, अशा अर्जांचा मला सराव आहे. पण "आराखडा द्या" असं लिहू नका, दोनशे पानांचं बाड देतील. फाटकांची रुंदी मीटरमध्ये मागा.